चुंबळीवरचा कान

गंगापूर रोड, नाशिक
संक्रांतीचा आदला दिवस

प्रिय शुभे,

इअरफोन घालून झोपलं की सकाळी कान ठणकतो, काय करू, असं तू दिवाळीत विचारलंस. मी नुसता अंगठा पाठवला आणि गप्प बसले. उद्या संक्रांत. शिव्या घाल, पण आधी वाच. खरं सांगू का, लाज वाटली म्हणून लिहायला बसले नाहीये; काल माळ्यावर चुंबळ सापडली. तीच, गॅदरिंगच्या गवळणीची, लाल काठाची. मडकं पडलं ते चुंबळ सैल होती म्हणून, असं तू इतकी वर्षं ऐकवत आलीस. काल हातात धरून पाहिली. अजून घट्ट आहे. तो वाद मिटला असं मी समजते.

आणि तुझ्या कानावरचा उपायही तीच आहे. हसू नकोस.

आम्ही सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच. आईची शुगर आटोक्यात.

आता कान. तू कुशीवर झोपतेस, म्हणजे डोक्याचं सगळं वजन कानावर. कानाची पाळी मऊ असते, पण वरची वाटी कूर्चेची, तिच्यावर फार मांस नाही. इअरफोनचं बोंड त्या वाटीत बसतं आणि उशी त्याला आत दाबते. तुझ्या इअरफोनला खाली देठ आहे ना, उशी त्यालाही ढकलते आणि बोंड तरफेसारखं फिरून कानाच्या नळीत रुततं. रोज रात्री तेच झालं की वरच्या कडेवर दुखरी गाठही येते. महागडा इअरफोन घेऊन हे टळत नाही. उशीचा दाब काढायला हवा.

म्हणून चुंबळ. जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा पीळ घाल आणि वळून कडं कर. मधलं भोक लांबट ठेव, ८-९ सेंटिमीटर, कारण कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब असतो आणि बोंड-देठाला जागा लागते. डोकं टेकवल्यावर उंची चार सेंटिमीटरच्या आसपास राहिली पाहिजे. हे कडं पातळ उशीवर, अभ्र्याच्या आत ठेव आणि चार टाके घालून अभ्र्याला पक्कं कर, नाहीतर मध्यरात्री ते पाठीखाली जातं. वजन गालाच्या हाडावर आणि कानामागच्या हाडावर यायला हवं, कान मधल्या पोकळीत मोकळा. भोक लहान पडलं तर कानाची कड दुमडते आणि पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. कडं उंच झालं तर सकाळी मान धरते, मग कडं ठेव आणि खालची उशी पातळ कर. मध्ये भोक असलेली उशी विकतही मिळते, पण घरात फाटक्या साड्यांची कमी आहे का?

वस्तूच बदलायची असेल तर कापडी पट्टी बघ. तिच्यात चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चपट्या चकत्या असतात. चकती बरोबर कानाच्या भोकासमोर यावी लागते. दोन सेंटिमीटर सरकली तरी आवाज बसतो आणि बायका व्हॉल्यूम वाढवतात. चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका घाल. पट्टी इतकी सैल हवी की खाली दोन बोटं जातील. धुताना चकत्या बाहेर काढ. वायर तुटते ती बहुतेक वेळा पट्टीतल्या बॅटरीच्या डबीत शिरते तिथेच, म्हणून तिथे थोडी ढील सोडून ठेव. सध्या नाशकात जी थंडी आहे तिच्यात कानटोपीला आतून दोन खिसे शिवले तरी हेच काम होतं. एप्रिलमध्ये मात्र पट्टीखाली घाम धरतो.

उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकरही मिळतो. कानाला काहीच लागत नाही, पण तुझ्याकडे तो चालणार नाही, सुधीररावांचं घोरणं जिंकेल. हाडातून ऐकवणारे हेडफोन तर तुला नकोतच, त्यांची मागची तार उशीवर टेकते. आणि खास झोपेसाठी म्हणून जे विकतात त्याच्या मागे लागण्याआधी एक ऐक: बोसने २०१८ साली असले चिमुकले इअरबड आणले, २०२० मध्ये दुसरी आवृत्ती काढली, २०२३ मध्ये बंद केली. त्यात स्वतःचं गाणं वाजायचंच नाही, फक्त साठवलेले पावसाचे, समुद्राचे आवाज. तुला आबांच्या हरिपाठाचा आवाज हवाय, समुद्राचा घेऊन काय करशील?

तुझे आहेत तेच वापरायचे तर एकाच कानात घाल, वरच्या. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" चालू कर, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज त्या एकातच येतो. टच बंद कर, नाहीतर कूस बदलली की उशीच गाणं थांबवते. उशी दाबून शीळ वाजत असेल तर बाहेरचा आवाज आत घेणारा मोड बंद कर. माइक झाकला गेला की ती शीळ येते. सिलिकॉनची टोपी दोन्ही कानांना एकाच मापाची लागेल असं नाही. लहान घातली तर सैल बसते, आवाज गळतो. मोठी घातली तर नळी दुखते. वायरचे असतील तर वायर मानेमागून कुर्त्याच्या पाठीतून ने, गळ्यावरून नको. फोन उशीखाली नको, चार्जिंगला लावलेला तर अजिबात नको. आणि टायमर लावत जा, नाहीतर रात्री तीनला ती बाई कानात "बॅटरी लो" म्हणते आणि तू तिच्यावर चिडून जागी राहतेस.

आता मला खरी काळजी आहे ती तुझ्या व्हॉल्यूमची. सुधीररावांचं घोरणं झाकायला तू किती वाढवतेस? आठवड्याला चाळीस तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, ही मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. तू रोज आठ तास लावतेस, म्हणजे छप्पन्न. आवाज ८० ला असेल तर आधीच ओलांडलीस. आणि तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. कानाला झोप नाही गं, तू झोपलीस तरी तो ऐकतच असतो. साधी खूण सांगते. बोंड कानात असताना छताचा पंखा ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर आवाज जास्त आहे. (हॉस्टेलच्या ट्रान्झिस्टरवरून तू मला जे बोललीस ते मी विसरले नाहीये. तेव्हा आवाज मी वाढवायचे, कबूल.)

आवाज आपोआप चढतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे मळ. जाळीवर मळ बसला की आवाज बारीक होतो आणि आपण बटण दाबत राहतो. जाळी खाली तोंड करून धर, कोरड्या मऊ ब्रशने झटक. टोप्या काढून कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबाने धू आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालू नकोस. ओल आणि ऊब मिळाली की नळीला खाज सुटते. फोमच्या टोप्या धुवायच्या नाहीत, पुसायच्या आणि दोनेक महिन्यांनी बदलायच्या. कान स्वतः मळ बाहेर ढकलत असतो, रात्रभर बूच बसलं तर तो आत अडतो. आठवड्यातल्या दोन रात्री कान मोकळे ठेव. कानकाडी नको. आणि लसणीचं तेल गरम करून घालायचा मंदाकाकूंचा सल्ला तू ऐकणार, म्हणून आधीच सांगते, नको. कान ओढल्यावर कळ येत असेल किंवा पाणी येत असेल तर इअरफोन बंद आणि थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. तुलाही शुगर आहे, विसरू नकोस.

सुधीररावांचा श्वास झोपेत मध्येच अडकतो का, आणि मग ते दचकून हुंकार देतात का, तेवढं बघ. तसं असेल तर ते नुसतं घोरणं नव्हे, तपासून घ्या. पिंट्याची नोकरी लागली हे विन्याकडून कळलं. तू का नाही सांगितलंस? नवीन घराचे फोटो पाहिले, ओटा छान आहे.

आबांच्या हरिपाठाच्या रेकॉर्डिंगचं राहिलंच. तुझी गोम तिथेच असणार. आबा माइकपासून लांब बसलेत, टाळ माइकजवळ. शब्द कळावेत म्हणून तू आवाज वाढवतेस आणि "हरि मुखे म्हणा"ला टाळ थेट कानात आदळतात. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात कंप्रेसर लावला की टाळांचे सुळके खाली येतात, मग सगळंच थोडं वर उचलता येतं. शेवटच्या पाच मिनिटांत आवाज हळूहळू उतरता ठेवू, म्हणजे एकदम शांत होऊन जाग येणार नाही. तू यात हात घालू नकोस, फाइल मला पाठव. मूळ फाइल मात्र जपून ठेव, दोन ठिकाणी. आबा मध्ये खोकतात तो मी काढणार नाही.

तुझी,
नीला

ता. क. तिळगुळाच्या डब्यात चुंबळ घातलीये. हिचं भोक लहान आहे, कान मावणार नाही, पीळ कसा घालायचा ते बघायला फक्त. परत पाठवायची आहे.