परदेशी निघालेली रायफल आणि मराठीतला परवाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यातल्या नेमबाजी स्पर्धा असोत की दक्षिण आफ्रिकेतला मे ते ऑगस्टचा शिकारीचा हंगाम, स्वतःची बंदूक घेऊन जायचे असेल तर कागदांची जुळवाजुळव आदल्या हिवाळ्यातच सुरू करावी लागते. नागपुरातून असे जाणारे लोक थोडे, पण बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ते ठिकाण जोहान्सबर्ग किंवा टोरांटो नव्हे, आपल्या खिशातली परवान्याची पुस्तिका आहे. परदेशातले नियम कडक असले तरी लिहिलेले असतात, वाचून पाळता येतात. आपल्या बाजूचा कागद कच्चा राहिला तर मात्र तिथे कोणीच मदत करू शकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंद झाली. ती बंदच राहावी, असे आम्हालाही वाटते. त्यामुळे इथल्या परवान्यांवर हेतू म्हणून स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा क्रीडा असे लिहिलेले असते. परदेशातला पोलीस अधिकारी मात्र विचारतो, ‘ही बंदूक तुमच्याकडे कशासाठी आहे आणि इथे कशासाठी आणली?’ या दोन उत्तरांचा मेळ यजमानाच्या किंवा स्पर्धा आयोजकांच्या निमंत्रणपत्राने घालावा लागतो. त्या पत्रात तारखा, ठिकाण, बंदुकीचा प्रकार आणि बोअर (नळीचे माप) लिहिलेले असावेत. ‘आमचे पाहुणे येत आहेत’ एवढ्यावर भागत नाही.

आता पुस्तिका. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. जुन्या पुस्तिकांतल्या नोंदी हाताने, मराठीत आणि देवनागरी अंकांत आहेत. परदेशी अधिकाऱ्याला त्यातले अक्षरही लागत नाही. नोटरीकडून केलेले इंग्रजी भाषांतर काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाच्याच शिक्क्याचा इंग्रजी दाखला कुठेही जास्त वजनाचा ठरतो. तो मागताना चार गोष्टी अक्षरशः तपासा. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच हवे. पुस्तिकेत आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही काम थांबते. दुसरी गोष्ट, यूआयएन, म्हणजे परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक. तो नसलेला परवाना वैधच धरला जात नाही. तिसरी, परवान्याची मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक हवी. २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत ५ वर्षांची झाल्यामुळे ती कधी संपते हे लोक विसरतात. दोन महिने हाताशी असतानाच नूतनीकरणाला द्या.

चौथी गोष्ट बंदुकीचा नंबर, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. जुन्या दुनळीत नळीवर एक आणि ॲक्शनवर (नळीमागच्या यंत्रणेवर) दुसरा नंबर असू शकतो, पुस्तिकेत त्यातला एकच चढवलेला असतो. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल तर नेहमीची. पुस्तिकेवरून नंबर उतरवू नका. चांगल्या उजेडात बंदुकीवरचा नंबर वाचा, फोटो काढा आणि मग पुस्तिकेशी ताडा. फरक निघाला तर दुरुस्ती इथेच होते, विमानतळावर होत नाही.

बोअरचेही तसेच. आपल्या आयुध निर्माणीची ३१५ बोअर रायफल विदर्भात घरोघर ओळखीची आहे, कारण .३०३ सारखे लष्करी बोअर आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. परदेशात ३१५ म्हटले तर कुणाला समजत नाही. दाखल्यावर त्याशेजारी ‘८×५० मिमी आर मॅनलिकर’ असे लिहून घ्या. काडतूस तेच आहे. आणि तिकडच्या दुकानात ते मिळेल या भरवशावर जाऊ नका.

देशाबाहेर बंदूक नेण्यासाठी वेगळा निर्यात परवाना लागतो का, हा प्रश्न वारंवार येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १० शस्त्रांच्या आयात-निर्यातीला परवाना सक्तीचा करते. पण त्याच कलमाच्या परंतुकात, कायद्याने शस्त्र बाळगू शकणाऱ्या माणसाला स्वतःच्या खासगी वापरासाठी ‘वाजवी प्रमाणात’ शस्त्र आणि काडतुसे वेगळ्या परवान्याशिवाय नेण्या-आणण्याची मुभा आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढचे पोटकलम (२) सांगते की ही मुभा लागू होते का, प्रमाण वाजवी आहे का, वापर काय होणार, यांपैकी कशाबद्दलही कस्टम्स आयुक्तांना शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र अडकवून ठेवता येते. म्हणजे कायदा आपल्या बाजूने असूनही शंका आली की विमान सुटते. शंका येऊ नये याची तजवीज कागदांनीच करायची: कलमाची छापील प्रत, इंग्रजी दाखला, निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि त्या देशाची परवानगी, या क्रमाने एका फाइलमध्ये लावून ठेवा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते निघतानाच्या कस्टम्स दाखल्याकडे. बंदूक बाहेर नेताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले नाही, तर परत येताना ती ‘तुम्ही नेलेलीच’ आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. प्रवाशाच्या सामानातल्या शुल्कमाफीत बंदूक बसत नाही. मग स्वतःच्याच रायफलीवर शुल्काचा प्रश्न उभा राहतो, आणि आयातीच्या परवान्याचाही. म्हणून घरूनच एक पान टाइप करून न्या. त्यावर बनवणारी कंपनी, मॉडेल, बोअर, नंबर, दुर्बीण असेल तर तिचाही नंबर आणि काडतुसांची मोजून संख्या लिहा. अधिकाऱ्याने बंदूक पाहून, नंबर ताडून त्यावर शिक्का आणि सही करायची असते. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा, बंदुकीच्या पेटीत ठेवू नका. परतताना लाल मार्गिकेतून जा आणि आपणहून जाहीर करा. उरलेली काडतुसे परत न आणणे उत्तम.

विमानातल्या काडतुसांची मर्यादा जगभर सारखी आहे: माणशी ५ किलो, वेष्टनासकट. दोघांचे मिळून दहा किलो एका पेटीत चालत नाही. हे ५ किलो ऐकायला पुष्कळ वाटते. बारा बोअरच्या २४ ग्रॅम छऱ्यांच्या २५ काडतुसांचा डबा साधारण एक किलोचा होतो, म्हणजे सव्वाशे काडतुसे. ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या, पात्रता फेरीत लक्ष्येच १२५ असतात आणि एका लक्ष्यावर दोन बार काढता येतात. सराव तर वेगळाच. म्हणून ट्रॅप आणि स्कीट या तबकडी प्रकारांच्या नेमबाजांनी काडतुसे आयोजकांमार्फत तिथेच घेणे शहाणपणाचे. पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या रायफलवाल्यांना ही अडचण नाही, ५ किलोत हजाराच्या वर बसतात. शिकारीच्या .३०-०६ बोअरची २० काडतुसे वेष्टनासह अर्धा किलोच्या आसपास जातात. विमान कंपनी यापेक्षा कमी मर्यादा घालू शकते, म्हणून तिचे उत्तर ईमेलवर लेखी घ्या. कॉल सेंटरचे तोंडी ‘हो सर’ काउंटरवर दाखवता येत नाही. काडतुसांची सुटी दारू (बारूद) आणि टोप्या (प्रायमर) कोणत्याही सामानात चालत नाहीत. नळी साफ करायचे द्रावण आणि फवाऱ्याचे डबे ज्वालाग्राही असतात, तेही घरी ठेवा.

बंदूक रिकामी, कडक पेटीत, कुलूपबंद, फक्त चेक-इन सामानात. रायफलीचा बोल्ट (नळीमागचा सरकता भाग) काढून ठेवा. काडतुसे मूळ डब्यात आणि वेगळी बांधलेली असावीत. केबिनच्या पिशवीसाठी अशी पिशवी घ्या जी रेंजवर किंवा शेतावर कधीच नेलेली नाही. अस्तरात राहिलेले एक काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसले की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि नकळत राहिले होते हे पुढे कोर्टात सांगत बसावे लागते. देशातल्या विमानतळांवर हे सतत घडते.

नागपूरकरांची आणखी एक खास अडचण आहे. आपल्या विमानतळावरून थेट परदेशी जाणारी विमाने आखाताकडे जातात, बाकी सगळे मुंबई किंवा दिल्लीमार्गे. दिल्लीमार्गे जायचे तर परवान्याची क्षेत्रमर्यादा महाराष्ट्रापुरती असून चालणार नाही, हे तिकीट काढण्याआधी पाहा. सामान नागपुरातूनच थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टाकले तर मधल्या विमानतळावर बंदूक हातात येत नाही, आणि कस्टम्सला दाखवायची असते ती तिथेच. मधे किमान पाच-सहा तास ठेवा. सर्व टप्पे एकाच तिकिटावर घ्या आणि प्रत्येक कंपनीची वेगळी मंजुरी घ्या. पहिलीने ‘हो’ म्हटले म्हणून दुसरी बांधील नसते.

आखातातून विमान बदलणेही दिसते तेवढे सोपे नाही. दुबई आणि दोहा इथे बंदूक विमानतळाबाहेर जात नसली तरी आगाऊ मंजुरी लागते. ॲम्स्टरडॅममार्गे जायचे तर नेदरलँड्सच्या कस्टम्सची संमती हवी. स्वस्त तिकीट पाहून मार्ग ठरवणारे इथेच फसतात. आधी मार्गावरची मंजुरी, मग तिकीट.

मुक्कामाच्या देशांचे नियम वेगवेगळे आहेत. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या पोलीस दलाचा एसएपीएस ५२० हा अर्ज काळ्या शाईने भरायचा आणि सही तिथल्या पोलिसासमोरच करायची. घरून सही करून नेलेला अर्ज पुन्हा भरावा लागतो. एका बोअरची एकच बंदूक आणि प्रत्येक बंदुकीमागे २०० काडतुसे ही मर्यादा आहे. कॅनडात अनिवासी घोषणापत्र असते. सही कस्टम्स अधिकाऱ्यासमोर, शुल्क वेगळे, वैधता ६० दिवस. ब्रिटनमध्ये तुम्ही अर्ज करूच शकत नाही. यजमानाने त्याच्या भागातल्या पोलिसांकडे तुमच्या नावाने परवाना मागायचा असतो, म्हणून यजमान वक्तशीर हवा. अमेरिकेसाठी एटीएफचा (तिथल्या शस्त्रनियंत्रण खात्याचा) फॉर्म ६ एनआयए आधी मंजूर हवा आणि सोबत एखाद्या राज्याचा शिकार परवाना किंवा स्पर्धेचे निमंत्रण. नुसता व्हिसा असलेल्याला तिथे बंदूक बाळगता येत नाही. युरोपीय शस्त्र पास फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतो. आपल्याला प्रत्येक देशाची वेगळी संमती लागते, शेंगेन व्हिसाचा इथे उपयोग नाही.

एअर रायफलवाल्यांनी गाफील राहू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. पण विमान कंपनी तिला शस्त्रच धरते, आणि परवानाच नसल्यामुळे दाखवायला काही नसते. खरेदीची पावती आणि संघटनेचे पत्र जवळ ठेवा. हवेचा सिलिंडर पूर्ण रिकामा करून, रायफलीपासून सोडवून न्या.

आमचे स्पष्ट मत असे की आठवड्याभराच्या शिकारीसाठी स्वतःची बंदूक नेऊच नये. तिथल्या आयोजकाकडे भाड्याने रायफल मिळते आणि वरच्या जवळजवळ सगळ्या कागदांची खटपट वाचते. स्पर्धेच्या नेमबाजाचे तसे नाही. दस्त्याची लांबी, गालाची टेकण, घोड्याचा दाब हे त्याच्या अंगाला बसवलेले असते. दुसऱ्याच्या रायफलीने तो खेळूच शकत नाही. त्याची वाट तरी सोपी व्हायला हवी.

त्यासाठी पोलीस आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. परदेशी जाणाऱ्या परवानाधारकासाठी इंग्रजी दाखल्याचा एकच ठरलेला नमुना असावा आणि तो अर्जानंतर १५ दिवसांत मिळावा. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात पोलीस यंत्रणा बंदोबस्तात गुंतलेली असते, नेमके तेव्हाच उन्हाळ्यासाठीचे अर्ज येतात; त्या काळात या कामासाठी एक कर्मचारी नेमून द्यावा. तिसरी मागणी आचारसंहितेची. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य खेळाडूंना त्यातून सूट मिळते, पण बंदूक तेव्हा परदेशात असेल तर नोटीस घरी येऊन पडते आणि घरच्यांना काय सांगावे ते कळत नाही. निघताना ठाण्यात दिलेल्या पत्राची आणि कस्टम्स दाखल्याच्या प्रतीची नोंद परवाना शाखेच्या नोंदवहीत व्हावी. तोवर प्रत्येकाने त्या दोन्ही कागदांची एक प्रत घरातल्या जाणत्या माणसाकडे ठेवून जावे.

आपले,
नागपुरातील काही परवानाधारक नेमबाज