राणीचा भुंगा आणि आत्याचं काळं घड्याळ

रत्नागिरी,
श्रावण

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

आत्याची गळ्यात घालायची दोन्ही घड्याळं, भुंग्याच्या आकाराचं आणि ते दुसरं, उघडून, भिंगाखाली धरून पाहिली. भुंगा राणीचा, असं ताई म्हणते ते खरं का, हे तू फोनवर विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो. भुंगा थिबाच्या, म्हणजे इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाच्या, राणीचा नाही. आणि ज्याला तू ‘ते दुसरं, काळं पडलेलं’ म्हणालास, ते दोघांतलं खरं जुनं. कारणं जरा सविस्तर लिहितो, कारण ताईला आणि बेबीला ती तुलाच पटवायची आहेत.

आपल्या रत्नागिरीत कुणाच्या पेटाऱ्यातून काही चमकदार निघालं, की ते राणीचंच असतं! बरं, थिबाने इथे दागिने विकले होते, त्यामुळे अशी गोष्ट सांगणाऱ्याला चटकन खोटं पाडताही येत नाही. शिवाय जिनिव्हात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला असे भुंगे खरोखर होत होते. सोन्याचे, पंखांवर मिनाकाम, वर हिऱ्यांची कणी, कळ दाबली की पंख उघडून आत तबकडी. ताईचा समज त्यामुळे अगदीच हवेतला नाही. पण तुमच्या भुंग्याच्या तबकडीवर बारीक अक्षरांत ‘१७ ज्वेल्स, इन्काब्लॉक’ लिहिलंय. ज्वेल्स म्हणजे झीज कमी व्हावी म्हणून यंत्रात बसवलेले खडे; आणि इन्काब्लॉक म्हणजे घड्याळ पडलं तर बॅलन्सच्या, म्हणजे आतल्या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, दांड्याची नाजूक टोकं मोडू नयेत म्हणून केलेली सोय. मागचं झाकण काढलं की बॅलन्सच्या खड्यावर बसवलेली तिची छोटी, तंतुवाद्याच्या आकाराची स्प्रिंग दिसते. ही सोय १९३० च्या दशकात निघाली. थिबा १९१६ साली इथेच वारला आणि राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेली. आता तूच जुळव.

माझ्या मते भुंगा १९६०-७० च्या सुमाराचा. तेव्हा स्वित्झर्लंडहून घुबडं, गोळे, किडे अशा आकारांची मुलामा दिलेली घड्याळं बायकांसाठी भरपूर येत. तुमचे काका बोटीवर होतेच, कुठल्या तरी बंदरावर घेतलं असेल. पंखांच्या कडा झिजून खालचं पितळ दिसतंय, त्यामुळे सोनार मोडीत काही देणार नाही. पण यंत्र चांगलं आहे, सतरा खड्यांचं. त्याच काळात बिनखड्यांची किंवा एकाच खड्याची स्वस्त यंत्रंही अशा घड्याळांत सर्रास घालत, ती खडखड वाजतात. तुमचं तसलं नाही. हौशी माणूस हजारांत मोजेल. लाख विसरा.

आता काळं घड्याळ. आकाराने जुन्या रुपयाएवढं, पाठीवर निळं मिनाकाम. आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये ‘सिलिंद्र, दी रुबी, रमोंत्वार’ कोरलंय, म्हणजे सिलिंडर नावाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राचं, दहा खड्यांचं, वेगळ्या किल्लीशिवाय बोंड फिरवूनच चावी देता येणारं. बनवणाऱ्याचं नाव नाही. त्या काळच्या जनानी घड्याळांवर ते बहुधा नसतंच, तेव्हा त्याचा बाऊ करू नकोस. शेजारी पंख पसरलेल्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा इवलासा ठसा आहे. तो स्विस सरकारचा, ८०० कसाच्या, म्हणजे हजारात ८०० भाग शुद्ध, चांदीचा. हा ठसा १८८२ पासून लागू झाला, म्हणजे घड्याळ त्याच्या आधीचं नाही. आणि चावीच्या बोंडाजवळ जी बारीक टाचणी आहे, ती नखाने दाबून धरली की मगच काटे फिरतात. ही रीत पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हळूहळू मागे पडली. माझ्या हिशोबाने याने शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

किंमत ठरवताना मी तीन गोष्टी पाहिल्या. एक, वरची कडी शाबूत आहे. महायुद्धानंतर मनगटी घड्याळांची टूम आली तेव्हा असल्या कित्येकांच्या कड्या कापून पट्ट्यासाठी कान जोडले, आणि अशी घड्याळं संग्राहकांच्या मनातून उतरतात. दोन, यंत्रावरचा आणि झाकणावरचा आकडा एकच आहे, म्हणजे एकाचं पोट दुसऱ्याच्या अंगात घातलेलं नाही. तिसरी गोष्ट वाईट. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली मिन्याचा एक कोपरा वेगळाच उजळला. कुणीतरी टवका उडालेल्या जागी रंगीत भरण केलंय. साध्या उजेडात ते कळतसुद्धा नाही. मिना अखंड असता तर भाव बराच चढला असता. तरीही भुंग्यापेक्षा हे वरचढ.

सोनाराकडे नेलंस तर तो यंत्र वजा करून चांदी तोलेल आणि किरकोळ आकडा सांगेल. तो त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त ती घड्याळाची किंमत नव्हे. आणि बेबीला बजावून सांग, चांदी आहे म्हणून रिठ्याच्या पाण्यात बुडवायचं नाही! आपल्या खाऱ्या हवेनेच आतलं पोलाद गंजायला लागलंय. शिवणयंत्राचं तेलही नको. औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी डबीत टाकून ठेवायची. चावी देऊन बघायचा मोह टाळा, जुनं तेल आटून चिकट झालंय.

भाचा ते कॅनडात नेऊन विकायचं म्हणतोय, तेवढं थांबव. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडकला तर घड्याळही जाईल आणि मनस्तापही होईल.

वाटणीचं म्हणशील तर ताईने मोठी म्हणून भुंगा मागितला आणि बेबीला उरलेलं, असं तुमचं ठरलंय. ते मोडायचं की नाही हे तुमच्या घरचं. पण दोघींना एकत्र बसवून हे पत्र वाचून दाखव. नंतर कुठून तरी कळलं तर ताई तुला सोडणार नाही, आणि मला तर नाहीच.

घड्याळं कुरियरने मागवू नकोस. गणपतीला येशील तेव्हा हातात देईन. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळू