मुदत न सांगता विकलेली आणि ८४ दिवसांत बाद झालेली कार्डे : तक्रार पत्र

दिनांक : २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या संचातील कार्डे अधिकृत खेळातून बाद करताना खरेदीदारांना पूर्वसूचना न दिल्याबाबत.

महोदय / महोदया,

दि. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी मी ठाण्यातील आपल्या एका अधिकृत विक्रेत्याकडून आपल्या कार्ड-खेळाचे दोन बॉक्स विकत घेतले. प्रत्येक बॉक्समध्ये २४ पॅक होते आणि दोन्हींचे मिळून मी ११,८०० रुपये दिले. त्यांतले चार हजार रुपये माझ्या १४ वर्षांच्या मुलीच्या भाऊबीजेच्या ओवाळणीचे होते. दि. २० डिसेंबर रोजी आपण संकेतस्थळावर इंग्रजीत जाहीर केले की, हा संच, म्हणजे एकाच वेळी बाजारात आलेल्या कार्डांचा हा गट, १ फेब्रुवारी २०२५ पासून अधिकृत स्पर्धांमध्ये चालणार नाही. म्हणजे आम्ही खरेदी केल्यापासून ८४ दिवसांत आणि आपण घोषणा केल्यापासून अवघ्या ४३ दिवसांत ही कार्डे बाद झाली. ही घोषणा आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. रविवार, दि. २ फेब्रुवारी रोजी स्पर्धेच्या ठिकाणी पंचांनी मुलीचा डेक (खेळण्यासाठी निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा) तपासला, ६० पैकी २२ कार्डे बाजूला काढली आणि ती बदलल्याशिवाय खेळता येणार नाही असे सांगितले. बदलायला तिच्याकडे दुसरी कार्डे नव्हती. ती दिवसभर इतरांचे डाव पाहत बसली आणि संध्याकाळी आम्ही घरी परतलो.

जुनी कार्डे कधीच बाद होऊ नयेत असे माझे म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट करते. मुलीबरोबर मीही हा खेळ शिकले आहे आणि त्यातली अडचण मला कळते. दर तीन-चार महिन्यांनी नवा संच येतो, कार्डांची संख्या वाढत जाते, आणि प्रत्येक नवे कार्ड आधीच्या शेकडो कार्डांबरोबर जोडले गेल्यावर काय घडेल याचा अंदाज बांधणे कोणत्याही रचनाकाराला अवघड होते. जुने काहीच बाद करायचे नसेल, तर नवे कार्ड विकले जाण्यासाठी ते जुन्याहून बलवान करावे लागते. त्यानंतर येणारे त्याहूनही बलवान करावे लागते आणि नव्याने खेळू लागलेल्या मुलाला हा सगळा डोंगर चढल्याशिवाय पहिला डावही जिंकता येत नाही. ‘युगिओ’ या दुसऱ्या कार्ड-खेळाच्या मुख्य स्पर्धांमध्ये संच बाद होत नाहीत, फक्त निषिद्ध आणि मर्यादित कार्डांची यादी वेळोवेळी बदलते. तो खेळ खेळणाऱ्यांना त्याच्या कार्डांवरील बारीक अक्षरांतला लांबलचक मजकूर आणि पहिल्याच पाळीत लागणाऱ्या चालींच्या लांब साखळ्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. म्हणून कार्डे निवृत्त करण्याला माझा पाठिंबा आहे. माझी तक्रार आपण ती ज्या रीतीने निवृत्त केलीत त्या रीतीविषयी आहे.

घरातल्या पत्त्यांच्या कॅटचे उदाहरण घ्या. तो कोणत्याही कारखान्यात छापलेला असो, रमी किंवा मेंढीकोटाचे नियम त्या कारखान्याच्या हातात नसतात, त्यामुळे बदामाचा गुलाम उद्यापासून चालणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. आपल्या खेळात मात्र कार्डे विकणारी आणि कोणती कार्डे चालतील हे ठरवणारी संस्था एकच आहे. जुनी कार्डे बाद झाली की नव्या कार्डांची विक्री वाढते, आणि हा निर्णय तो लाभ मिळणाराच घेतो. अशा वेळी निर्णय घेणाऱ्यावर साध्या विक्रेत्यापेक्षा मोठी जबाबदारी येते, असे मला मनापासून वाटते.

ही जबाबदारी पाळता येते, हे इतर प्रकाशकांनी दाखवून दिले आहे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये आला आणि जानेवारी १९९५ मध्ये त्यात केवळ अलीकडच्या संचांचा ‘टाइप २’ हा प्रकार सुरू झाला, ज्याला आज ‘स्टँडर्ड’ म्हणतात. पण त्याच वेळी जुन्या कार्डांसाठीचा प्रकारही त्यांनी चालू ठेवला. आज ‘व्हिंटेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकारात १९९३ चे ‘ब्लॅक लोटस’ हे कार्ड डेकमध्ये एकच ठेवण्याच्या अटीवर अजूनही खेळता येते. २०२३ मध्ये त्यांनी स्टँडर्डमध्ये संच टिकण्याचा काळ दोन वर्षांवरून तीन वर्षांपर्यंत वाढवला. संगणकावरील ‘हार्थस्टोन’ने एप्रिल २०१६ मध्ये स्टँडर्ड आणि ‘वाइल्ड’ असे दोन भाग केले, तेव्हा जुनी कार्डे वाइल्डमध्ये चालू राहिली. पुढे मूळ क्लासिक संचातली काही कार्डे स्टँडर्डमधून काढताना, ती खेळाडूकडेच राहू देऊन, ती बनवण्यासाठी लागणारी पूर्ण ‘डस्ट’ही (त्या खेळातले चलन) त्यांनी खेळाडूंना दिली.

मला सर्वांत पटलेली पद्धत ‘पोकेमॉन’च्या कार्डांची आहे. २०२० पासून त्यांच्या कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापलेले असते आणि कोणती अक्षरे चालू आहेत यावरून कार्ड ग्राह्य आहे की नाही हे ठरते. आठ वर्षांच्या मुलालाही स्वतःचा डेक तपासता येतो आणि आता कोणत्या अक्षराची पाळी आहे हे ओळखता येते. शिवाय एखादे कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापले गेले, तर त्याच कार्डाची जुनी प्रतही वापरता येते, त्यामुळे जपून ठेवलेले कार्ड वाया जात नाही. आपल्या कार्डांवर असे काहीही नाही. मी पॅकचे वेष्टन, बॉक्सच्या सहाही बाजू आणि आतली माहितीपत्रिका भिंग घेऊन तपासली आहे. निवृत्तीचा उल्लेख कुठेही सापडला नाही.

दि. ६ फेब्रुवारीला मी आपल्याला ईमेल पाठवला. दि. ११ रोजी आलेल्या उत्तरात आपण म्हटले आहे की, ही कार्डे घरी आणि मित्रांबरोबर खेळण्यास कोणतीही आडकाठी नाही, त्यामुळे ग्राहकाचे नुकसान झालेले नाही. हे उत्तर मला मान्य नाही. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी अकरा मुले हा खेळ खेळतात. दोन अनोळखी मुले समोरासमोर बसून लगेच डाव मांडू शकतात, कारण दोघांनाही एकच नियम मान्य असतो आणि तो नियम आपला असतो. हॉलमधल्या तीन-चार मुलांना जरी स्पर्धेत उतरायचे असले, तरी ती सरावही अधिकृत डेकनेच करतात आणि उरलेल्यांना त्यांच्याबरोबर खेळण्यासाठी तसाच डेक लागतो. २ फेब्रुवारीनंतरच्या तिन्ही रविवारी माझ्या मुलीची ती २२ कार्डे डब्यातच राहिली. समोर खेळायला कोणी नसेल, तर कार्ड वापरण्याची परवानगी असून काय उपयोग? त्यातल्या एका कार्डाभोवती तिने महिनाभर खपून अख्खा डेक रचला होता. ती मेहनत तिची स्वतःची होती, आणि पैशांपेक्षा ती वाया गेल्याचे तिला अधिक वाईट वाटले आहे.

आणखी एक गंभीर बाब अशी की, दि. १५ फेब्रुवारी रोजी मी त्याच दुकानात गेले तेव्हा याच संचाचे पॅक पूर्ण किमतीला, कोणत्याही सूचनेशिवाय मांडलेले होते. दुकानदारालाही हा बदल माहीत नव्हता, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत इत्यादींची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. स्पर्धेच्या खेळासाठी विकल्या जाणाऱ्या कार्डाबाबत ते किती काळ चालणार, ही माझ्या मते त्याच्या दर्जाचीच माहिती आहे.

आमच्या दोन बॉक्सांपैकी एक अद्याप सीलबंद आहे. तो परत घेऊन त्याचे ५,९०० रुपये द्यावेत किंवा त्याऐवजी सध्या ग्राह्य असलेल्या संचाचा बॉक्स द्यावा. उघडलेल्या बॉक्सची भरपाई मी मागत नाही. मात्र त्यातली कार्डे खेळता यावीत म्हणून आपल्या अधिकृत स्पर्धांमध्ये सर्व संचांना खुला असलेला एक गट कायमस्वरूपी सुरू करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. यापुढे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर व पॅकवर ते किमान कोणत्या महिन्यापर्यंत ग्राह्य राहील हे नमूद करावे, निवृत्तीची घोषणा निदान बारा महिने आधी मराठीसह भारतीय भाषांमध्ये करावी, आणि दुकानांत शिल्लक असलेल्या बाद संचांवर तशी स्पष्ट चिठ्ठी आजच लावावी. यांतल्या चिठ्ठीच्या कामाला तर काहीच वेळ लागू नये.

या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांच्या आत मिळावे. ते न मिळाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि आवश्यकता भासल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, ठाणे

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, सीलबंद बॉक्सची छायाचित्रे, दि. १५ फेब्रुवारी रोजी दुकानात काढलेले छायाचित्र, आणि दि. ११ फेब्रुवारीच्या आपल्या उत्तराची प्रत.