ओकायामाहून काकांना: पाहुण्यांच्या सत्काराबद्दल

ओकायामा

ती. काकांस सा. न.

ओकायामाच्या पाहुण्यांचा सत्कार तुमचं मंडळ करणार हे वाचून फार आनंद झाला. पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली आणि जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. एवढ्या लांबच्या दोन गावांची ही ओळख ज्यांनी टिकवली, त्यांना मान मिळायलाच हवा. म्हणून यादीत नुसते पदाधिकारी घेऊ नका. दुभाषे, पुण्याहून आलेल्या मुलांना घरी ठेवून घेणारी कुटुंबं, बागकाम शिकवणारे यांची नावं आधी घाला. संस्थेचा गौरवही करता येतो. जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे दिली जाणारी प्रशस्तिपत्रं व्यक्तींप्रमाणे संस्थांनाही मिळतात.

शाल उत्तम. श्रीफळ मात्र ओटीत घालून झालं की मंडळानेच ठेवून घ्यावं आणि तसं पाहुण्यांना आधी सांगावं. फळं, फुलं, बिया जपानमध्ये आणायच्या तर भारतातलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावर काढून घेतात. हाराऐवजी कुंडीतलं रोपटं द्यायची हल्लीची पद्धत चांगली, पण इथे मातीच आणू देत नाहीत. रोप पुण्यातच लावा, पाटीवर दोन्ही भाषांत नाव घाला आणि दर पावसाळ्यानंतर फोटो पाठवा. त्याचं त्यांना फार अप्रूप वाटेल.

पुणेरी पगडी ताठ असते. माप चुकलं की ती भुवयांवर उतरते, नाहीतर टाळूवर नुसती टेकते आणि पाहुणा कार्यक्रमभर ती सावरत बसतो. कानांच्या जरा वरून डोक्याचा घेर टेपने मोजून कळवायला सांगा. माप आलं नाही तर फेटा बांधा. तो डोक्याप्रमाणे बसतो. माणशी पाच मिनिटं धरा आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच उरका.

सगळ्यात जास्त मेहनत मानपत्रावर घ्या. ‘थोर’, ‘अतुलनीय’ असे शब्द जपानीत आणले की पोकळ वाटतात. कोणत्या साली, काय, किती वर्षं केलं ते लिहा. दीडशे शब्द पुरे. भाषांतर यंत्रावर सोडू नका, आदरार्थी रूपं हमखास चुकतात. नाव पाहुण्याच्या कार्डावरूनच उतरवा: वातानाबे या आडनावातलं शेवटचं अक्षर कितीतरी तऱ्हांनी लिहितात, आणि दुसऱ्याचं अक्षर पडलं तर तो गौरव त्यांचा राहत नाही. प्रशस्तिपत्राच्या जपानी मजकुरात स्वल्पविराम, पूर्णविराम घालत नाहीत. छापखान्याने ‘दुरुस्त’ करून घालू नयेत. काचेची चौकट नको, ती बॅगेत फुटते. इथे प्रशस्तिपत्र गोल नळीत किंवा दुघडी पुठ्ठ्यात देतात.

देताना मजकूर पाहुण्याकडे वळवून दोन्ही हातांनी द्यायचं. ते एक हात लावतील, मग दुसरा, मग वाकतील. ते वाकून सरळ होईपर्यंत फोटोवाल्याने ‘इकडे बघा’ म्हणून ओरडू नये. फोटो मागाहून सावकाश काढा.

वेळेचं गणित दुभाष्यामुळे बिघडतं: दहा मिनिटांचं भाषण वीस मिनिटं चालतं. भाषणं आणि त्यातला एखादा अभंग असेल तर तोही दुभाष्याला आदल्या दिवशी द्या. आपल्याकडे व्यासपीठावरच्या मान्यवरांचे सत्कार अर्धा तास खातात आणि ज्यांच्यासाठी सभा भरवली ते ताटकळतात, हे यंदा कृपा करून टाळा. पाहुण्यांचं मानपत्र पहिलं. कोणी सरकारी नोकरीत असेल तर भेटवस्तू घेता येते का, हे पत्रातच विचारून ठेवा.

मानपत्राचा कच्चा मजकूर आणि कार्डांचे फोटो तीन आठवडे आधी पाठवा. इथल्या शिक्षिकेकडून तपासून आठवड्यात परत करते. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
मीनल