अमेरिकेचं विचारलंत, त्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "एवढं शिकलीस, मग बाहेर का जात नाहीस?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

जाता येतं. आधी पदवीची तपासणी, मग परीक्षा, मग ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना. माझ्या वर्गातल्या काहीजणी गेल्या, त्यांचं उत्तम चाललंय. इथेही वाटा कमी नाहीत. फिजिओवाल्यांना आयसीयू आहे, खेळाडूंचे संघ आहेत. आम्हा ओटीवाल्यांना (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणूनचे उपचार) हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचं काम, ऑटिझमची मुलं, मनोरुग्णालयं, शिवाय शिकवणं. आई, तुला हे सगळं कालपरवाचं वाटतं, पण कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ओटीचं शिक्षण १९५० साली सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आणि बाबा, २०२१ पासून फिजिओ आणि ओटी, दोन्ही व्यवसायांना केंद्राचा कायदा आहे, तेव्हा "मालिशवाली" म्हणणाऱ्यांना खुशाल सांगा.

मी निवडलंय ते लकव्याच्या रुग्णांच्या घरी जाऊन काम करणं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि नेमका त्यातला बराचसा काळ माणूस घरी असतो. तिथे उंबरा असतो, भारतीय संडास असतो, आणि मदतीच्या घाईत लुळा हात धरून ओढणारे नातेवाईक असतात. त्या ओढण्याने खांदा कायमचा दुखावू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

गेल्या महिन्यात एक आजोबा पाहिले. ताटातली भाजी, पोळी, आमटी संपायची, चटणी-कोशिंबीर तशीच. घरच्यांना वाटलं, तोंडाची चव गेली. खरं तर मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता, आणि डावीकडे काही आहे याची जाणीवच त्यांना उरली नव्हती. डोळे चांगले होते. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच घास घ्यायचा. आजींना सांगितलं, गप्पा मारायला त्यांच्या डावीकडे बसत जा. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी, हेही शिकवलं. आता सदरा ते स्वतः घालतात. पुस्तकात हे सगळं मी वाचलं होतंच, पण त्या घरातल्या ताटात ते बघितलं आणि मला करायचंय ते हेच, हे पक्कं झालं.

पैसे सुरुवातीला बेताचेच मिळतील. माझं भागेल, काळजी करू नका. तुमचा होकार मात्र मनापासून हवा, नाइलाजाने नको.

आणि हो, दिवाळीला आले की आपल्या बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवणार आहे. फरशीला भोकं पडतील म्हणून बाबा नको म्हणतील. आई, तू प्लंबरला आधीच सांगून ठेव.

तुमची,
मनू