मनीषनगरच्या फ्लॅटचा कॅप रेट

नागपूर

प्रिय बाळ्या,

मनीषनगरचा टू बीएचके ५२ लाखांना, भाडं महिना १६ हजार, म्हणजे "पावणेचार टक्के सुटतात" असं दलालाने तुला सांगितलं. त्याचा हिशेब चुकलेला नाही, पण तो ढोबळ भाड्याचा आहे. कॅप रेट म्हणजे वर्षाचं निव्वळ उत्पन्न (वरचा आकडा) भागिले घर घ्यायला लागलेले एकूण पैसे (खालचा आकडा), टक्क्यांत. तो काढताना वरच्या आकड्यातून खर्च जातो आणि खालच्या आकड्यात खर्च येतो.

वरचा आकडा आधी घे. वर्षाचं भाडं १,९२,०००. एक भाडेकरू गेला की दुसरा यायला, रंगरंगोटी धरून, महिना जातोच. म्हणून १,७६,००० धर. त्यातून स्कीमचा, म्हणजे इमारतीचा, मेंटेनन्स २४,०००, मनपाचा मालमत्ता कर ९,०००, विमा ३,०००, दुरुस्ती १२,०००, दलाली ८,००० आणि करारनाम्याची नोंदणी २,००० वजा कर. कर आणि मेंटेनन्स मी अंदाजाने धरलेत, तू पावत्या बघून बदल. निव्वळ उत्पन्न उरतं १,१८,०००. कर्जाचा हप्ता आणि आयकर यात घालायचा नाही. हप्ता घातलास तर घर कसं आहे ते कळणार नाही, तुझं कर्ज कसं आहे तेवढंच कळेल.

आता खालचा आकडा. ५२ लाखांवर मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ३,६४,०००, नोंदणी फी ३०,०००, आणि राहण्याजोगं करायला १,०६,०००. झाले ५७ लाख. (खरेदी एकट्या वहिनींच्या नावावर केलीस तर मुद्रांकात एक टक्का वाचतो.) १,१८,००० भागिले ५७ लाख, म्हणजे २.०७ टक्के. पावणेचारचे दोन झाले, बघ.

यात हलवण्याजोगं काय आहे? भाडं हजाराने वाढवलंस तर दर २.२६ वर जातो. किंमत पाच लाखांनी पाडलीस तरी जवळपास तेवढाच, २.२८. भाडं पुढच्या वर्षी बाजार ठरवेल. किंमत मात्र आज टेबलावर आहे, तेव्हा घासाघीस तिथेच कर. उलटा हिशेबही करून बघ: तुला साडेतीन टक्के हवे असतील तर १,१८,००० ला ०.०३५ ने भाग. ३३ लाख ७१ हजार येतात, तेही सगळा खर्च धरून. त्या भावात मालक तुला दारातही उभं करणार नाही. म्हणजे हा फ्लॅट तू भाव वाढेल या आशेवर घेतोयस. घे, पण तसं समजून घे. साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढून दोन टक्क्यांची मिळकत घेतली की फरक दरमहा तुझ्या पगारातून जाणार.

तुलना सारख्याशी सारख्याचीच करायची. दुकानाचा दर फ्लॅटपेक्षा बराच वर दिसतो, पण ते रिकामं पडलं की चार-सहा महिने पडतं, म्हणून तिथे रिकामपण जास्त धरावं लागतं. विद्यार्थ्यांना खाटेमागे दिलंस तर भाडं वाढतं, पण मे-जूनला खोल्या ओस पडतात आणि नळ-फिटिंगची वाट लागते. प्लॉटला तर कॅप रेट लावूच नकोस, त्यातून भाडं येत नाही. बांधकाम चालू असलेल्या स्कीमचंही तेच. ताबा मिळेपर्यंत वरचा आकडा शून्य, शिवाय जीएसटी वेगळा.

वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीची गळती आणि उन्हाळ्यातला ताप दोन्ही भाड्यात कापले जातात. बोअर मे महिन्यात आटते का, टँकरचे पैसे कोण भरतो, हे वॉचमनला विचार. मालक "आमच्याकडे पाण्याचा प्रश्न नाही"च म्हणेल.

टोकन देण्याआधी चालू भाड्याचा नोंदणीकृत करारनामा, मालकाच्या बँक खात्याचं बारा महिन्यांचं विवरण, मनपाची कर पावती आणि स्कीमचा थकबाकी नसल्याचा दाखला मागव. भाड्यात मेंटेनन्स धरलाय की वेगळा, फर्निचरचे पैसे आत आहेत का, हे करारनाम्यातच कळेल. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि लेआउटचं आरएल, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) लेआउटला मान्यता असल्याचं पत्र, वकिलाला दाखव. नासुप्रचं आरएल नसेल तर बँक कर्जाला आणि पुढचं गिऱ्हाईक किमतीला मागेपुढे बघतं. कागद आले की आकडे पाठव, मी पुन्हा मांडून देतो.

तुझा,
भाऊ