डावा कान चालू आहे तोवर लिहिते

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी खान्देशात, तापीकाठच्या एका गावात राहते. वय 31. घरी केळीची बाग, सासू-सासरे, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. माझ्या दोन्ही कानांत कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशन करून आत बसवलेला भाग आणि बाहेर कानामागे लावायचं यंत्र, त्यांच्यावर मी ऐकते. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात दिव्यांगांचं शिबिर झालं, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही माईकवरून म्हणालात, "मॅपिंगसाठी आता कुणाला मुंबई गाठावी लागणार नाही, सहा महिन्यांत जिल्ह्यातच सोय होईल." मॅपिंग म्हणजे हे यंत्र कानाला जुळवून घेणं. लाउडस्पीकर कर्कश होता, पण तुमचं ते वाक्य मी दोन्ही कानांनी ऐकलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मी खोटी पडले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझं उजवं यंत्र बंद पडलं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. यंत्र कानामागे बसतं, त्याची वायर केसांतून वर जाते आणि टोकाची गोल चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. घाम नेमका तिथूनच ओघळतो. रोज रात्री मी दोन्ही यंत्रं सुकवायच्या डबीत ठेवते, पोटच्या पोरीइतकी जपते. तरी चकतीपाशी वायर तडकली, आतली तांब्याची तार दिसू लागली. वायर बदलली, आवाज आला नाही. विक्रेता म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, सुटे भाग येत नाहीत, नवं घ्या. एका कानाचे साडेचार लाख.

म्हणून गेल्या मंगळवारी मी दिव्यांग प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला गेले, काही मदत मिळते का ते बघायला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही तर चांगलं ऐकता, बोलता. कर्णबधिर कशाच्या तुम्ही?" मी डावं यंत्र काढून त्याच्या फाइलवर ठेवलं. त्यानंतर त्याचे ओठ हलताना दिसले, शेजारच्याकडे बघून तो हसतानाही दिसला. काय बोलला ते मला कधीच कळणार नाही. 2016 च्या कायद्यात लिहिलंय की दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास म्हणजे कर्णबधिर. यंत्र काढलं की माझ्या शेजारून ट्रॅक्टर गेला तरी मला फक्त जमीन हादरलेली कळते. चष्मा लावून वाचणाऱ्याला कुणी म्हणतं का, तुझे डोळे चांगले आहेत म्हणून?

मी जन्मापासून अशी नाही. 19 व्या वर्षी मेंदूज्वर झाला, ताप उतरला आणि कान गेले. मेंदूज्वरानंतर कानाच्या शंखात, म्हणजे आतल्या गोगलगाईसारख्या ऐकण्याच्या भागात, हाड वाढू शकतं, मग आत तार सरकवायला जागाच राहत नाही. डॉक्टरांनी घाई केली, दोन्ही कान एकदम करा म्हणाले. सरकारी मदत विचारली तर उत्तर मिळालं, ती लहान मुलांना. वडिलांनी नदीकाठचं दोन एकर रान विकलं. केळीचं रान होतं ते, काळंभोर. आजही माहेरी जाताना त्या बांधावरून गेले की मी मान वळवते.

मशीन चालू केलं त्या दिवशी आई समोर बसली होती. "ऐकू येस का वं माय?" तिने विचारलं. मला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. शंखातल्या आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशींचं काम 22 बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे आतल्या तारेवरची वीज देणारी टोकं, करतात, मेंदूला तो आवाज नव्याने शिकावा लागतो. तो आवाज म्हणजे माझी आई, हे ओळखायला मला तीन महिने लागले. त्यासाठी पुन्हा पुन्हा मॅपिंग करावं लागतं, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा ते बसवावं लागतं. बारा वर्षांत मुंबईच्या पंचवीस तरी खेपा झाल्या असतील. आधी वडील सोबत यायचे, आता नवरा येतो. प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडते, तीन-साडेतीन हजार जातात.

लोक म्हणतात, एक कान चालू आहे ना, मग काय अडलं? साहेब, दोन कान चैनीसाठी नसतात. आवाज कुठल्या बाजूने आला ते दोन कानांनी कळतं. 53 नंबरच्या महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की आता मला हॉर्न ऐकू येतो, ट्रक कुठून येतोय ते कळत नाही. मे महिन्यात नवऱ्याने दंडाला धरून मला मागे ओढलं, हातात मुलगी होती. लग्नाच्या पंगतीत, बाजारात, चार बायका एकदम बोलू लागल्या की सगळ्याचा एक गलका होतो. मी नुसती हसत राहते. रात्री तर दोन्ही यंत्रं काढावीच लागतात. मुलगी तान्ही असताना तिच्या छातीवर हात ठेवून झोपायचे, रडली की हाताला कळायचं.

आमच्या शेजारच्या गावात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचं ऑपरेशन सरकारी खर्चाने झालं. केंद्राच्या योजनेत मुलांच्या इम्प्लांटला लाखो रुपये मिळतात, 2013 पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासतात. त्यातूनच तो सापडला. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण त्याची वायर तुटून दीड वर्ष झालं. यंत्र कपाटात, शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत पडून आहे. शिकलेले शब्द पोरगं विसरत चाललंय, पुन्हा हातवारे करतंय. सरकारच्या कागदावर तो यशस्वी शस्त्रक्रिया आहे. मला याचाच संताप येतो. आपल्याकडे हातपंपाचं उद्घाटन होतं, दवाखान्याचं होतं, आणि वर्षभराने वायसर झिजला तर तो कुणी बदलायचा याचं उत्तर एकाही टेबलावर मिळत नाही. हातपंप बंद पडला तर बाई दुसऱ्या विहिरीवर जाते. माझ्या डोक्यात बसवलेल्या इम्प्लांटला दुसरी विहीर कुठली?

मला भीक नको. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून निदान एका ठिकाणी मॅपिंग करणारा माणूस कायम बसवा. वायर, चकती, सेल तिथे मिळू द्या. यंत्र जुनं झालं की बदलायला मदत द्या, मुलांना आणि मोठ्यांनाही. आणि प्रमाणपत्राच्या टेबलावर बसणाऱ्यांना एवढं शिकवा की यंत्र काढून कान तपासायचा असतो.

डावं यंत्रही उजव्याच्याच वयाचं आहे. येत्या उन्हाळ्यात ते टिकेल की नाही, या विचाराने झोप लागत नाही. मुलगी आता गोष्टी सांगायला लागली आहे, लांबलचक, आणि मध्येच थांबून विचारते, "आई, ऐकतेस ना?"

उत्तर पत्रानेच पाठवा. फोन करू नका, फोन मी उजव्या कानाने ऐकायचे.

आपली,
तापीकाठची एक आई